थॅचची वीण आणि आपला नियम क्रमांक ७

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी,
गणेशोत्सव मंडळ (नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल),
पूर्व भाग, सोलापूर.

स. न. वि. वि.

तुमच्यातल्या निम्म्या जणांना मी खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवलीय. हे सगळं घरी येऊन, चहा पीत सांगता आलं असतं. पण निकाल तुम्ही फळ्यावर लिहिलात, माइकवरून वाचलात आणि त्याखाली सही माझी होती. म्हणून मीही उघड्यावरच लिहितो.

यंदाच्या पत्रकात रांगोळी, लेझीम, संगीत खुर्ची यांच्या खाली 'दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढत, कॉम्प्युटरवर, जोडीने' असं छापलेलं बघून मी आधी हसलो होतो, हे कबूल. मग पंच म्हणून मलाच बोलावलंत. मी पेशानं यंत्रमागावरचा जॉबर. माग अडला की पोरं हाक मारतात. पण २००१ साली 'इल-२ स्टुर्मोविक' हा विमानं उडवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ आला, त्याची सीडी पुढं दोनेक वर्षांनी माझ्या हाती लागली, आणि तेव्हापासून रात्रीचं जेवण झालं की मी विमानात बसतो, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. बायको दारातून म्हणते, "आधी जेवून घ्या, मग मरा." तेव्हा पंच म्हणून माझी निवड चुकीची नव्हती. चूक पुढं झाली.

पहिल्या बैठकीत नियमांचा कागद फिरला. सातवा नियम असा होता: 'समोरून येऊन पाडलेले विमान गुणांत धरले जाणार नाही. खऱ्या लढाईत कोणी समोरासमोर जात नाही. तो रडीचा डाव आहे.' मी वाचला. भजी गरम होती, मी गप्प बसलो. इतक्या बारीक अक्षरातलं कोण अंमलात आणणार, असं वाटलं.

आता त्या शनिवारच्या रात्रीचं. जे तिथं नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. समाजमंदिरात दोन पंखे, साठ माणसं, सहा कॉम्प्युटर. अंतिम फेरीत एका जोडीकडं दोन झिरो, म्हणजे जपानी लढाऊ विमानं, दुसरीकडं दोन वाइल्डकॅट, म्हणजे अमेरिकी. वाइल्डकॅटवर पॉलिटेक्निकची एक पोरगी आणि तिचा मामेभाऊ. गुण बरोबरीत. मामेभावाच्या शेपटीला एक झिरो चिकटला आणि सुटेना. हा डावीकडं गेला की तो डावीकडं, हा खाली गेला की तो खाली. पोरगं ओरडलं, "ताई, ये की!" ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "तू वळ बे माझ्याकडं." दोघं एकमेकांकडं वळले, कात्रीच्या पात्यांसारखे छेदून गेले. झिरोवाला पाठलागाच्या नादात तसाच वळत आला, आणि वळून सरळ होतो न होतो तोच त्याचं नाक नेमकं हिच्या नाकासमोर. तिनं फार तर सेकंदभर बटण दाबलं असेल. झिरोच्या पंखाच्या मुळाशी एक ठिणगी, मग पिवळा लोळ, मग काहीच नाही.

साठ माणसं उठून उभी राहिली. आणि तेवढ्यात कार्यकारिणीच्या खुर्च्यांतून हात वर आला: "समोरून! नियम सात!" रेकॉर्डिंग पुन्हा चालवलं. समोरूनच होतं, त्यात शंका नव्हती. गुण खोडला. एका गुणानं झिरोची जोडी जिंकली. मी गुणपत्रिकेवर सही केली, आणि घरी येऊन त्या रात्री विमान उडवलं नाही.

सही करताना मला जे आठवायला हवं होतं ते आत्ता सांगतो.

साल १९४१. अमेरिकी नौदलातला जॉन थॅच नावाचा वैमानिक अधिकारी सॅन दिएगोजवळ कोरोनाडोला राहत होता. अमेरिका अजून युद्धात उतरायची होती. जपान्यांचं एक नवं लढाऊ विमान आपल्यापेक्षा वेगानं चढतं आणि कमी जागेत वळतं, असा अहवाल त्याच्या वाचनात आला. बरोबरीनं वळत बसलं तर मरण ठरलेलं. मग हा गडी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून बसायला लागला. एक काडी म्हणजे एक विमान. काड्या सरकवत सरकवत त्यानं उत्तर काढलं. दोन विमानांनी शेजारी उडायचं, पण मध्ये एका वळणाएवढी जागा सोडून. एकाच्या मागं शत्रू लागला की दोघांनी एकमेकांच्या दिशेनं वळायचं. ज्याच्या मागं शत्रू आहे तो मित्राच्या समोरून आडवा निघून जातो. शत्रूनं पाठलाग चालू ठेवला तर तो मित्राच्या बंदुकांपुढं येतो, नाकासमोर नाक. सोडून वळला तर मित्राला आपली कूस दाखवतो. मग पुन्हा लांब व्हायचं, पुन्हा आत वळायचं.

थॅचनं या युक्तीला कागदोपत्री शोभेलसं काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. त्याचा सहकारी जेम्स फ्लॅटली तिला 'थॅच वीव्ह' म्हणायला लागला आणि तेच राहिलं. वीव्ह म्हणजे वीण. थॅचची वीण! आणि हे मी सोलापुरात, चादरीच्या गावात, ज्यांच्या आज्यापणज्यांचं आयुष्य मागावर गेलं अशा मंडळाला पत्र लिहून समजावतोय. ताणा आणि बाणा एकमेकांना आडवे जातात तिथंच कापड धरतं, हे आपल्याकडं शाळेत जायच्या आधी कळतं. त्या दोन पोरांना थॅचचं नाव माहीत नव्हतं, मी नंतर विचारलं. "काका, आम्ही असंच करून बघितलं, जमलं," एवढंच ती म्हणाली. विणकराच्या घरातली आहे.

काड्यांवर जमलेलं खऱ्या आभाळात उतरलं ते ४ जून १९४२ ला, पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत. थॅच सहा वाइल्डकॅट घेऊन टॉर्पेडो टाकणाऱ्या विमानांच्या राखणीला निघाला होता. वरून झिरो तुटून पडले, एक वाइल्डकॅट सुरुवातीलाच गेलं. थॅचच्या अगदी जवळ उडणाऱ्याला ही वीण कुणी शिकवलेलीच नव्हती. मग थॅचनं डिब नावाच्या दुसऱ्या वैमानिकाला रेडिओवरून सांगून बाजूला पाठवलं. डिबच्या मागं झिरो लागला. डिब आत वळला, थॅच आत वळला, डिब आडवा निघून गेला आणि झिरो समोरून आला. थॅचनं तो समोरून पाडला. त्या दिवशी तीन झिरो त्याच्या नावावर लागले.

तुमच्या नियम ७ नं गेलं तर त्यातला निदान हा एक तरी खोडावा लागेल. आपल्या समाजमंदिरात त्या पोरीनं केलं ते हेच होतं, बारकाव्यानिशी. विमानं तीच, वळण तेच, शेवटही तोच.

'खऱ्या लढाईत कोणी समोरासमोर जात नाही' हे वाक्य कुठून आलं असेल याचा मी विचार केला. यात थोडं खरं आहे म्हणूनच ते टिकतं. खऱ्या लढाईत पहिली पसंती नेहमी मागून, वरून, सूर्याच्या बाजूनं, न दिसता. पडलेल्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्याला कोणी मारलं हे दिसलंच नाही. पहिल्या महायुद्धात ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकानं १९१६ साली आपल्या पोरांसाठी लढाईचे जे नियम लिहिले, त्यातही मागूनच हल्ला करा असं आहे. पण त्याच यादीत पुढं असंही आहे की, शत्रूनं तुमच्यावर झेप घेतली तर चुकवत बसू नका, तोंड फिरवून त्याच्याकडंच जा. म्हणजे समोरून जायचं ते हौसेनं नाही, दुसरी वाट उरली नाही की. पाठ दाखवली तर तो आरामात मागून मारेल. तोंड दाखवलं तर निदान त्यालाही डोळे मिटावेसे वाटतील. हा बोल्के त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला गेला. चाळीस विमानं पाडलेला माणूस, वय पंचवीस. झुंजीच्या गर्दीत स्वतःच्याच सहकाऱ्याचं विमान त्याच्या पंखाला घासलं.

रशियन लोक समोरच्या हल्ल्याला 'लोबोवाया अताका' म्हणतात. 'लोब' म्हणजे कपाळ. कपाळाला कपाळ भिडवणं. आपल्याकडं बोकडांच्या टकरी ज्यांनी पाहिल्यात त्यांना आणखी सांगायला नको.

आणि समोरून जाण्यात कुणाचा फायदा, हे विमानावर ठरतं. हा भाग मला फार आवडतो, म्हणून थोडा जास्त लिहितो, सहन करा. वाइल्डकॅटच्या १९४२ च्या प्रकाराला, एफ-४-एफ-४ ला, पंखांत सहा अर्धा इंची मशीनगन, प्रत्येकीला २४० गोळ्या. पुढं हवेनं थंड होणारं जाडजूड गोल इंजिन, ज्याला एखादी गोळी लागली तरी ते लगेच मान टाकत नाही. वैमानिकाला चिलखत, पेट्रोलच्या टाकीला गोळीचं भोक आपोआप बुजवणारं अस्तर. झिरोकडं यातलं चिलखत नाही, अस्तर नाही. वजन वाचवलं ते इथंच. त्याच्याकडं दोन २० मिलिमीटरच्या तोफा होत्या, लागल्या तर एका दणक्यात विमान फाडतील अशा, पण प्रत्येकीला गोळे साठ. म्हणजे सगळे मिळून सातेक सेकंदांची चैन. शिवाय त्या तोफेचा गोळा नळीतून सुटायचा सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगानं, आणि वाइल्डकॅटची गोळी सुमारे ८७० मीटर वेगानं. समोरासमोर दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर आधी कुणाचं पोचेल? वळणात झिरो राजा, नाकासमोर वाइल्डकॅट. त्यामुळं वाइल्डकॅटवाल्याला 'समोरून मारू नकोस, मागून मार' म्हणणं म्हणजे पैलवानाला कुस्तीला बोलावून पळण्याची शर्यत लावण्यासारखं आहे. तुमच्या नियमानं नकळत झिरोला आधीच एक गुण देऊन ठेवला होता.

युरोपातही हीच गोष्ट, फक्त उलट्या बाजूनं. अमेरिकेची चार इंजिनांची बी-१७ बॉम्बफेकी विमानं थव्यानं यायची. मागून जावं तर शेपटीतल्या, पाठीवरच्या, पोटाखालच्या बंदुका एकदम तोंड उघडायच्या. पण सुरुवातीच्या प्रकारांत नाकातल्या बंदुकांचा नेमका समोर मारा तोकडा होता. एगोन मायर या जर्मन वैमानिकानं हे हेरलं. २३ नोव्हेंबर १९४२ ला फ्रान्समधल्या सेंट नाझेरवर आपल्या तुकडीसह तो समोरून गेला. पद्धत अशी: थव्याच्या बाजूनं, बंदुकांच्या टप्प्याबाहेर राहून पुढं निघून जायचं, बरंच पुढं गेल्यावर उलटं फिरायचं आणि सरळ काचेच्या नाकावर चाल करायची, कारण त्याच्या मागंच वैमानिक बसलेले. अमेरिकेनं यावर काय केलं? नियम काढला नाही. पुढच्या बी-१७-जी प्रकारात नाकाच्या हनुवटीखाली दोन बंदुकांचा फिरता बुरूज बसवला. रडीच्या डावासाठी कोणी कारखान्यात नवा बुरूज ओतत नाही. मायर पुढं शंभरावर विमानं पाडून मार्च १९४४ मध्ये स्वतः पडला.

ब्रिटनमध्ये १९४० च्या उन्हाळ्यात १११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची हरिकेन विमानंही जर्मन बॉम्बफेकींवर अशीच समोरून जायची. बॉम्बर सगळे पाडणं हा हेतू नसायचा, थवा फुटला तरी पुष्कळ. काचेच्या डब्यात बसलेल्या माणसाला आठ बंदुका आपल्याकडं येताना दिसल्या की हात आपोआप दांड्यावर वळतो. १० जुलैला त्यांच्यातल्या एका हरिकेनची डॉर्नियर या जर्मन बॉम्बफेकी विमानाशी आभाळात टक्कर झाली. टॉम हिग्ज नावाचा वैमानिक गेला. खेळात आणि युद्धात फरक आहे तो या हिग्जपाशी, हे मला खरं सांगायचंय.

थोडा हिशेब. दोन विमानं प्रत्येकी ताशी ४५० किलोमीटरनं समोरासमोर येताहेत. मिळून ९००. म्हणजे सेकंदाला २५० मीटर. पंखांतल्या बंदुकांचे झोत साधारण अडीच-तीनशे मीटरवर एकत्र येतील असे बसवलेले असायचे. म्हणजे नेम धरण्यालायक अंतर आलं तेव्हा टक्कर व्हायला उरला एक सेकंद. विजापूर रोडवर रात्री ट्रकला ओव्हरटेक करताना समोरून दुसरा ट्रक डिपर मारत येतो, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो आठवा. तिथं दोघांचा मिळून वेग फार तर दीडशे. त्याच्या सहापट.

आणि समोरून येणारी वस्तू हलताना दिसत नाही, हे ज्यानं अनुभवलं त्यालाच पटतं. एक किलोमीटरवर बारा मीटर पंखांचं विमान पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा जरासंच मोठं दिसतं. दोन सेकंदांनी त्याच्या दुप्पट. पुढच्या सेकंदाला चौपट. आणि मग आभाळभर. जागचं न हलता नुसतं फुगतं.

मला हे मागावर कळलं. सोळाएक वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात माग जुळवत उभा होतो. शेजारच्या मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारा, उडाला. ज्यांनी धोटा हातात घेतलाय त्यांना माहीत आहे, जड लाकूड आणि दोन्ही टोकांना पोलादी अणी. फणीला धडकून तो पेटीऐवजी थेट माझ्याकडं आला. मी पाहत होतो. खरंच पाहत होतो. तो मला येताना दिसला नाही, फक्त एक तपकिरी ठिपका जाड झाला. भुवईच्या वर तीन टाके पडले, खूण अजून आहे. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच खाली असता तर. त्या दिवसापासून मी खेळात जेव्हा जेव्हा कोणाच्या समोर जातो, तेव्हा एक गोष्ट मला पक्की ठाऊक असते: मला काहीही होणार नाहीये. पडद्यावर आग लागेल, दहा सेकंदांत नवं विमान मिळेल. हजारदा समोरून गेलोय, त्यातले निम्म्यांहून जास्त वेळा मेलोय, आणि भुवई शाबूत आहे.

म्हणून खेळात पोरं समोरून जातात. शौर्य नाही, रडीचा डावही नाही, मरण फुकट आहे एवढंच. खऱ्या वैमानिकाला शेवटच्या अर्ध्या सेकंदात वळायचं असतं, कारण घरी जायचं असतं. खेळणारं पोर वळतच नाही, कारण टक्कर झाली तरी दोघं मरतात आणि हिशेब बरोबरीत. त्यात वर खेळ मदत करतो. विमानाच्या डोक्यावर नाव आणि अंतर लिहिलेलं येतं, नजर जवळ आणता येते. खऱ्या वैमानिकाला काचेवरच्या प्रकाशाच्या कड्यात समोरच्याचे पंख किती भरतात यावरून अंतर ओळखावं लागायचं, थरथरत्या विमानात, उन्हात, तोंडाला कोरड पडलेली असताना.

आणि एक भानगड आपल्याच समाजमंदिरात झाली, जी कुणी लिहून ठेवली नाही. उपांत्य फेरीत दोन पोरं समोरासमोर आली. मी नेमका दोघांच्या मागं उभा होतो, दोन्ही पडदे एका नजरेत. डावीकडच्या पडद्यावर टक्कर झाली, विमानाचे तुकडे. त्याच क्षणी उजवीकडच्या पडद्यावर दोघं हातभर अंतरानं सुखरूप निघून गेले. पोरं भांडली, "तुझ्यात काहीतरी लोचा आहे बे." लोचा कुणात नव्हता. आपण खेळत होतो तो सर्व्हर परदेशात, आणि पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होतं की निरोप जाऊन यायला दोनशे मिलिसेकंद लागताहेत, सेकंदाचा पाचवा हिस्सा. मागून पाठलाग असेल तर एवढ्यानं काही बिघडत नाही, दोघांच्या वेगातला फरकच थोडा असतो. पण समोरासमोर, सेकंदाला २५० मीटरच्या हिशेबानं, तेवढ्यात ५० मीटर सरकतात. चार विमानं पंखाला पंख लावून उभी राहतील एवढी जागा. तुम्ही कुठं आहात याबद्दल दोन कॉम्प्युटरांचा चार विमानं एवढा मतभेद! तेव्हा त्या टक्करीचा निकाल मी नाणं उडवून दिला. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

आता तुमच्या बाजूनं एक मुद्दा मीच मांडतो, कारण उद्या कोणीतरी मोबाइलवर शोधून माझ्या तोंडावर मारेल. अमेरिकी हवाई दलाच्या सरावाच्या नियमांत समोरून बंदुकीचा हल्ला करायला बंदी आहे. दोन विमानांनी एकमेकांभोवती ५०० फुटांचा फुगा असल्यासारखं वागायचं, आणि समोर आलंच तर दोघांनी आपापल्या उजवीकडं सरकून डाव्याला डावा खांदा देत निघून जायचं. नागरी विमानांनाही समोरासमोर आल्यावर उजवीकडंच वळायचं असतं, समुद्रातल्या जहाजांनाही. (आपल्या रस्त्यावरच्या नेमकं उलट. लायसन्स सोलापूरचं असेल तर वर जाऊन घोळ होणार.) पण हा सरावाचा नियम आहे. सरावात माणूस मरू नये म्हणून केलेला. तो वाचून 'खऱ्या लढाईत कोणी समोरून जात नाही' असं म्हणणं, म्हणजे तालमीत डोळ्यात बोट घालायला मनाई आहे म्हणून रस्त्यावरच्या मारामारीत कोणी डोळ्यात बोट घालत नाही असं म्हणण्यासारखं. आपल्या समाजमंदिरात कोण मरणार होतं?

जेट विमानं आल्यावर हे सगळं बदललं, त्यात शिरत नाही. वेग वाढले, बंदुकीनं समोरून नेम धरायला वेळच उरला नाही. सुरुवातीची उष्णता शोधणारी क्षेपणास्त्रं शत्रूच्या इंजिनाच्या गरम धुरांड्यामागंच लागायची, म्हणून पुन्हा सगळे शेपटीमागं. पुढं समोरूनही पकडणारी आली आणि समोरचा हल्ला परत आला. तुमची स्पर्धा १९४२ ची होती, तेव्हा ते असो.

दुसऱ्या बाजूच्यांनाही दोन शब्द. निकालानंतर फळ्यापाशी जी पोरं ओरडत होती, "समोरून जाणाराच खरा मर्द, बाकी सगळे पळपुटे," त्यांनाही माझा पाठिंबा धरू नये. थॅचनं काड्या मांडल्या त्या जिवंत परत येण्यासाठी. त्याच्या विणीत प्रत्येक वैमानिक दुसऱ्याची पाठ राखतो, मर्दानगी दाखवायला कोणी एकटा जात नाही. आणि ज्या गोळीबद्दल तुम्ही ओरडत होतात ती एका पोरीनं झाडली होती, हे निदान बघायचं तरी.

तर माझं मागणं एवढंच आहे. नियम ७ रद्द करा. त्याच्या जागी पुढच्या वर्षी असं लिहा की ज्याचं विमान पडलं तो त्या फेरीत बाद, नवं विमान नाही. टक्कर झाली तर दोघंही बाद आणि दोघांच्या जोडीचा एक एक गुण कमी. एवढं केलंत की समोरून जाणं बंद करायची गरजच पडणार नाही, पोरं स्वतःच विचार करतील जावं की वळावं. डोक्यावरची नावं आणि अंतरं बंद ठेवा, खेळात ती सोय असते. आणि सर्व्हर इथंच, खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर चालवा. वायर माझ्याकडं पडून आहे, मी देतो, म्हणजे पंचाला नाणं उडवायची वेळ येणार नाही.

झिरोच्या जोडीची ढाल परत मागू नका. त्यांनी नियमात राहून खेळलं, त्यांचा दोष नाही. त्यातला धाकटा तर रडवेला झाला होता, "काका, आम्ही हरलो होतो ना?" असं विचारत होता. त्याला मी काही सांगू शकलो नाही. पण फळ्यावर जो आकडा खोडलाय तो परत लिहा. फळा अजून कोपऱ्यात उभा आहे, काल बघून आलो.

गुणपत्रिकेची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ प्रत तुमच्या कपाटात आहे, तिच्यावरची माझी सही खोडायला मी रविवारी सकाळी दहाला येतो. कुलूप उघडून ठेवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
स्पर्धेचा पंच,
यंत्रमाग जॉबर, पूर्व भाग, सोलापूर